तान्ह्या बाळांतले संवेदनांचे फरक, विकासातला उशीर आणि ऑटिझमची शंका: काय पाहायचं, काय तपासायचं?

शर्वरी_ओटी (धागाकर्ती)

"मिक्सर लावला की बाळ किंचाळतं", "गवतावर पाय टेकवत नाही", "खेळण्याची चाकं फिरवत बसतं". अशा एकेका गोष्टीवरून ऑटिझम आहे का, अशी विचारणा सतत होते. उत्तरंही ठरलेली असतात. एक तर "मोठं झालं की होईल नीट", नाही तर दोन ओळींत निदान. दोन्हींमुळे बाळाचा मोलाचा वेळ वाया जातो. म्हणून हा धागा. ज्यांचा या विषयाशी कामाचा संबंध आहे त्यांनी नेमकं लिहावं. अनुभवकथनासाठी वेगळा धागा काढू.

माझ्या विषयापासून, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीपासून, सुरुवात करते. पाच ज्ञानेंद्रियं सगळ्यांना माहीत असतात. त्यांशिवाय तोल आणि हालचाल कळणं, स्नायू-सांध्यांतून शरीराची स्थिती कळणं, आणि भूक, शी-शू, दुखणं अशा आतल्या जाणिवा या तिन्हींकडे आम्ही तेवढंच लक्ष देतो. बाळाचा प्रतिसाद तीन तऱ्हांनी वेगळा असू शकतो.

जास्त प्रतिसाद: अंग पुसताना, केस धुताना ताठ होणं, ठरावीक आवाजाला रडून बराच वेळ शांत न होणं, घासाचा पोत बदलला की उबळ येणं.

कमी प्रतिसाद: आपटलं तरी न रडणं, ओल्या लंगोटाची दखल नसणं, हाकेला न वळणं.

शोध, म्हणजे संवेदना मुद्दाम मिळवत राहणं: सतत डोकं आपटणं, दिव्याकडे टक लावणं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून फिरत्या वस्तू न्याहाळणं, दिसेल ते तोंडात कोंबणं.

एकाच बाळात तिन्ही तऱ्हा सापडतात. स्पर्श नकोसा आणि झोका हवाहवासा, हे अगदी नेहमीचं.

निदानाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की धरा. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसोपचारातल्या निदानाच्या निकषांत संवेदनांचे फरक आहेत, पण ते पुनरावृत्तीच्या वर्तनाच्या चार प्रकारांपैकी एक म्हणून. त्या चारांपैकी किमान दोन लागतात, आणि त्यांच्या जोडीला सामाजिक संवादाच्या तिन्ही बाबींत अडचण दिसावी लागते. त्यामुळे निव्वळ आवाजाच्या भीतीवरून ऑटिझमचं निदान होतच नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत, इतर कारणांनी विकास मागे पडलेल्या बाळांत आणि पूर्णपणे सर्वसाधारण बाळांतही असे फरक दिसतात.

मिक्सरचंच घ्या. आठ-नऊ महिन्यांनंतर मोठ्या आवाजाला घाबरणारी बाळं भरपूर असतात. मी पाहते ते पुढचं. घाबरल्यावर बाळ आईच्या तोंडाकडे बघतं का? कडेवर घेतल्यावर निवतं का? की कुणाकडेही न बघता एकटंच त्या आवाजाशी झुंजत राहतं? आणि त्यापायी खाणं, झोप, अंघोळ यांतलं काही अडतंय का?

नीलकंठ_बालरोग

चांगला धागा. टप्प्यांचं बोलण्याआधी वय नीट काढा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून मोजतात. ३२ आठवड्यांना जन्मलेलं बाळ ८ आठवडे लवकर आलेलं असतं, म्हणून ९ महिन्यांचं असताना त्याच्याकडून साधारण ७ महिन्यांच्या गोष्टी अपेक्षित असतात. हे न केल्याने अनेकांना विनाकारण घोर लागतो. याची उलट बाजूही आहे. दुरुस्त वयानेही मागे असेल तर "लवकर जन्मलंय ना" हे कारण संपलं.

हालचालींसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा हाताशी ठेवा. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हातागुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, स्वतंत्र चालणं ८.२ ते १७.६. काही बाळं न रांगताच चालायला लागतात, त्यामुळे फक्त रांगलं नाही म्हणून घाबरू नका. मात्र १८ महिने उलटून चालत नसेल तर थांबायचं नाही. मुलगा असेल तर रक्तातलं सीके म्हणजे क्रिएटिन कायनेज तपासा. स्नायूंच्या ड्यूशेन आजाराचा पहिला धागा तिथे मिळतो आणि ही तपासणी राहून जाते.

पहिल्या वर्षात बाळ एकच हात वापरत असेल तर "डावखुरं होणार" म्हणून सोडून देऊ नका. दुसऱ्या हाताची मूठ घट्ट राहते का, तो पाय कडक आहे का, ते दाखवा. एका बाजूच्या सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) ती खूण असू शकते.

संवादाच्या बाजूने माझी यादी छोटी आहे. साधारण दोन महिन्यांत तोंडाकडे बघून हसणं. सहा महिन्यांपर्यंत मोकळं, देवाणघेवाणीचं हसू. नऊ महिन्यांपर्यंत नावाला वळणं. वर्षापर्यंत "बाबाबा-दादादा" अशी बडबड आणि टाटा, हात वर करून "घे" अशा खुणा. १६ महिन्यांपर्यंत अर्थ असलेला एखादा शब्द. १८ महिन्यांपर्यंत आवडलेली वस्तू बोटाने दाखवणं. दोन वर्षांपर्यंत स्वतःची दोन शब्दांची जोडणी, पाठ केलेल्या ओळी त्यात धरायच्या नाहीत. आणि कोणत्याही वयात आलेला शब्द, खूण किंवा हसू हरवलं, तर पुढच्या लसीच्या तारखेची वाट न पाहता दाखवायचं.

अनघा८४

डॉक्टर, नावाला वळण्याबद्दल. कधी वळतं, कधी नाही, असं अनेकजण सांगतात. घरी नीट पाहायचं कसं?

मुक्ता_वाचोपचार

याचं उत्तर मी देते. बाळ जमिनीवर एखाद्या साध्या खेळण्याशी खेळत असावं. टीव्ही-मोबाइल बंद, घर शांत. तुम्ही त्याच्या बाजूला किंचित मागे, चार-पाच फुटांवर. नेहमीच्या आवाजात एकदा नाव घ्या आणि पाच सेकंद गप्प राहा. वळलं नाही तर थोडं थांबून पुन्हा. असं तीनदाच. टाळी, चुटकी, खांद्याला हात काही नाही. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, तीन-चार दिवस करा.

चुकतं कुठे? एक तर पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाकेची नावं दहा. चाचणीसाठी घरात सर्वांत जास्त वापरलं जाणारं एकच नाव घ्या. दुसरं, दिवसभर उगाचच नाव घेत राहिल्याने ते आसपासच्या आवाजात जमा होतं. नाव घेतल्यावर बाळाला काहीतरी मिळायला हवं: हसरा चेहरा, उचलून घेणं, खेळणं.

तीनपैकी एकदाही न वळणं आणि खेळण्याच्या पिशवीची सळसळ ऐकून लगेच वळणं, असा नमुना वरचेवर दिसला तर तो लिहून ठेवा. पण यावरून कान ठीक आहेत असं मात्र ठरवू नका.

श्रुतिपट

मुक्ताताईंचं शेवटचं वाक्य ठळक करायला हवं. काही श्रवणदोषांत ठरावीक पट्ट्यांतलेच आवाज ऐकू येत नाहीत. दाराचा धडाका ऐकू येतो, पण "स", "फ", "त" हरवतात, आणि त्याने बोलणं धूसर होतं. घरी ताट वाजवून पाहणं ही तपासणी नव्हे. बाळ हवेची झुळूक, जमिनीतला कंप किंवा हाताची सावली पकडून वळतं.

जन्मानंतरच्या चाचणीचा क्रम १-३-६ असा आहे. पहिल्या महिन्यात चाळणी (स्क्रीनिंग), तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा पुढचे उपचार सुरू. ओएई चाचणी आतल्या कानातल्या केसपेशींपर्यंतच पाहते. तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत दोष असेल तर ओएई नॉर्मल येऊ शकते. म्हणून नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा कावीळ फार वाढलेल्या बाळाची बेरा चाचणी (कानापासून मेंदूपर्यंतचा मार्ग तपासणारी) करावी. ती झोपेत होते, त्यामुळे त्या दिवशी आधीची झोप थोडी लांबवून न्या.

जन्माची चाचणी पास म्हणजे आजही ऐकू येतं, असं नाही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की ऐकणं आठवड्या-आठवड्याला कमीजास्त होतं. "कधी वळतं, कधी नाही" याचं हेही कारण असतं. हे पाणी ओळखणाऱ्या टिम्पॅनोमेट्री या तपासणीला काही मिनिटं लागतात, ती करून घ्या.

नीलकंठ_बालरोग

कानांसारखंच, ऑटिझमचा विचार करण्याआधी किंवा त्याच्यासोबत वगळायची आणखी तीन कारणं. यात पहिलं, अर्भकांतले झटके, तातडीचं आहे.

तीन ते बारा महिन्यांच्या बाळात, बहुधा झोपेतून उठताना, मान-कंबर एकदम पुढे झुकते, हात फाकतात, सेकंद-दोन सेकंदांत सुटतं, काही सेकंदांनी पुन्हा तेच. अशी माळ लागते. मधूनमधून बाळ रडतं, म्हणून पोटात कळ आली असं वाटतं. दचकणं आवाजाने किंवा हिसक्याने येतं आणि पाच-सहा महिन्यांत विरतं. हे झटके कारणाशिवाय आणि रांगेने येतात. सोबत हसणं किंवा नजर मंदावली असेल तर तर्क करत बसू नका. मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी ईईजीची (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) सोय असलेल्या रुग्णालयात जा. ईईजीत झोपेचा भाग हवाच. १८४१ साली डॉ. वेस्ट यांनी वर्णन केलेले हे अर्भकांतले झटके आहेत. स्टेरॉइड, एसीटीएच किंवा व्हिगाबॅट्रिन यांपैकी औषध जितकं लवकर सुरू होईल तितका मेंदूचा विकास वाचतो. अंगावर पांढरे चट्टे असतील तर तेही दाखवा. ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारात हे झटके आणि ऑटिझम दोन्ही जास्त आढळतात.

दुसरं, बी-१२. आईच्या शरीरात ते कमी आणि बाळ फक्त अंगावर पिणारं, अशा वेळी साधारण चार ते दहा महिन्यांच्या सुमारास बाळ मंदावतं. हसू कमी होतं, अंग सैल पडतं, हात-जीभ थरथरते, बोटांच्या सांध्यांवर काळसरपणा येतो. बाहेरून हे विकास उलटा फिरल्यासारखंच दिसतं. आई आणि बाळ दोघांचं रक्त तपासा. उपचार आहे आणि त्याला उशीर झाला तर नुकसान राहू शकतं. केवळ फॉलिक ॲसिड देऊन थांबू नका. त्याने रक्ताचे आकडे सुधारतात आणि मज्जासंस्थेचं बिघडतच राहतं.

तिसरं, लोह. माती, रंगाचे पोपडे खाणं आणि झोपेत सतत पाय हलवणं दिसलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पाहा. अंगात संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून सोबत सीआरपी ही संसर्ग-दाह दाखवणारी तपासणी. पोपडे खाणाऱ्या बाळाचं रक्तातलं शिसंही.

मुलगी आहे, दीड वर्षाच्या आसपास हातांचा हेतूपूर्वक वापर कमी झाला, हात चोळत राहते, डोक्याचा घेर वाढायचा मंदावला, असं असेल तर रेट सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या आजाराची एमईसीपी-२ जनुकीय तपासणी विचारा. ऑटिझमचं निदान झालेल्या बहुतेक मुलांसाठी क्रोमोझोमल मायक्रोॲरे आणि फ्रॅजाइल एक्स या जनुकीय तपासण्या सुचवल्या जातात. एमआरआय सरसकट लागत नाही.

धनेश

एम-चॅट ही ऑटिझमच्या चाळणीची प्रश्नावली ऑनलाइन भरता येते. १३ महिन्यांच्या बाळासाठी भरली तर चालेल का? गुण ५ आले तर काय समजायचं?

मुक्ता_वाचोपचार

१३ महिन्यांना नाही चालणार. ती १६ ते ३० महिन्यांसाठी तयार झाली आहे. त्याआधीच्या बाळाला "नाही" हे उत्तर वयाने स्वाभाविक असतं आणि गुण फुगतात.

२० प्रश्न आहेत. ० ते २ कमी शक्यता, ३ ते ७ मध्यम, ८ किंवा जास्त म्हणजे थेट पुढच्या तपासणीला. मोजताना हमखास होणारी चूक म्हणजे २, ५ आणि १२ क्रमांकाचे प्रश्न उलटे आहेत हे विसरणं. बहिरेपणाची शंका, डोळ्यांजवळ बोटांच्या विचित्र हालचाली, रोजच्या आवाजांनी अस्वस्थ होणं. यांत "होय" उत्तराला गुण मिळतो, बाकी सगळीकडे "नाही" ला.

५ गुण म्हणजे निदान नव्हे. मध्यम गटात दुसरा टप्पा असतो. ज्या प्रश्नांत गुण पडला त्यांवर उदाहरणं विचारत सविस्तर मुलाखत घेतात. त्यानंतर २ किंवा जास्त उरले तर पुढे पाठवतात. हा टप्पा गाळला की कितीतरी पालक उगाच हादरतात. आणि गुण ० आले, तरी तुमच्या मनातली शंका ठोस असेल तर ती घेऊन जा. चाळणीतून निसटणारी मुलंही असतात. अमेरिकन बालरोग अकादमी ऑटिझमची चाळणी १८ आणि २४ महिन्यांना दोनदा करायला सांगते, त्याचं एक कारण हेच.

अनघा८४

मग वर्षाआतल्या बाळाचं काय? निदान नाही, तर काहीच करायचं नाही?

मुक्ता_वाचोपचार

करायचं, आणि लगेच करायचं. मला या धाग्यात सर्वांत कळकळीने सांगायचंय ते हे. मदत सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही.

२०१३ साली जोन्स आणि क्लिन यांनी दाखवलं की पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या बाळांत डोळ्यांकडे बघणं सुरुवातीला असतं आणि दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान उतरत जातं. २०२१ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीची लक्षणं असलेल्या, वर्षाच्या आसपासच्या बाळांच्या पालकांना पाच महिन्यांत दहा भेटी दिल्या. त्यांच्याच खेळाचं चित्रण दाखवून, बाळ कुठे संवाद करू पाहतंय ते ओळखायला शिकवलं. तीन वर्षांच्या वयाला निदानाच्या निकषांत बसणारी मुलं त्या गटात ६.७ टक्के होती, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात २०.५ टक्के. एका अभ्यासावर सगळा डोलारा उभा करू नये, पण दिशा स्पष्ट आहे.

घरी रोज पाच-पाच मिनिटांचे चार-पाच तुकडे पुरतात. बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर, समोर बसा. मांडीवर पाठमोरं घेऊन खेळवलं तर चेहरा दिसतच नाही. आधी काही शिकवू नका, बाळ जे करतंय त्याची नक्कल करा. त्याने डबा आपटला, तुम्हीही आपटा. मग थांबा. सात ते दहा सेकंद. हे थांबणं सर्वांत अवघड जातं, मोठ्यांना शांतता सहन होत नाही आणि बाळाची पाळी हिरावली जाते. त्या वेळात बाळाने नजर, आवाज, हात काहीही दिलं तर ते बोलणं समजून उत्तर द्या.

लपाछपी, "आला आला" करत गुदगुल्या असे खेळ दोन-तीनदा सारखेच करा आणि चौथ्या वेळी ऐन क्षणी हात हवेत थांबवा. बाळाने बघितलं की पूर्ण करा. बघत नाही म्हणून हनुवटी धरून चेहरा वळवू नका. त्याने नजर टाळणं वाढतं. वाक्यं छोटी ठेवा: "चेंडू. चेंडू आला." प्रश्नांचा मारा नको. घरात दोन-तीन भाषा असतील तर त्या सोडण्याची गरज नाही. त्याने उशीर होत नाही, आणि आईने परक्या भाषेत तुटक बोलण्यापेक्षा तिची भाषा मोकळी वाहणं बरं.

शर्वरी_ओटी

संवेदनांच्या बाजूने घरी काय, तेही लिहिते.

स्पर्श नकोसा असणाऱ्या बाळाला हलका, गुदगुल्यासारखा स्पर्श जास्त खुपतो. अंग पुसताना घासू नका, टॉवेल लपेटून तळहाताने सावकाश दाबा. डोक्यावरून पाणी घेण्याआधी शब्दाने सूचना द्या आणि रोज तोच शब्द वापरा. गवत, वाळू यांवर एकदम उभं करू नका. आधी मोज्यांसह, मग तळपायाचा पुढचा भाग, तुमच्या मांडीवर बसून. बाळ मागे सरलं की ती पायरी सोडून आधीच्या पायरीवर या.

पालथं घालणं: सुरुवातीला तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, जागेपणी आणि नजरेसमोर. छातीखाली गुंडाळलेला टॉवेल, किंवा तुम्ही आडवे पडून तुमच्या छातीवर. झोपवताना मात्र नेहमी पाठीवर. पांगुळगाडा नको. त्याने चालणं लवकर येत नाही, आणि पडझडीचा धोका मोठा.

खाण्यात उबळ येणं ही संरक्षक क्रिया आहे. बाळ लालबुंद होतं, खोकतं, आवाज करतं आणि सावरतं. आवाजच न येणं किंवा ओठ निळे पडणं म्हणजे घास अडकला, ते वेगळं. नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुठळ्या असलेलं अन्न सुरूच झालं नाही तर पुढे पोत स्वीकारणं अवघड जातं. रोज मऊसर पेजेत थोडी जाडी वाढवा, एकाच वेळी चव आणि पोत दोन्ही बदलू नका. झोपेत किंवा मोबाइल दाखवून भरवणं काही दिवस सोपं वाटतं, पण बाळ तोंडातला घास ओळखायला शिकत नाही. वजन घटत असेल किंवा प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी आधी, थेरपी नंतर.

झोका बाळाच्या कलाने द्या, लयीत, सरळ रेषेत. गरगर फिरवू नका. चेहरा पांढरा पडणं, घाम, जांभया, उचक्या दिसल्या की लगेच थांबा. त्रास काही वेळाने वाढू शकतो. वजनदार ब्लँकेट आणि वजन भरलेले झोपेचे कपडे बाळांसाठी धोक्याचे, श्वास कोंडू शकतो. दात येताना घालतात त्या अंबरच्या माळाही नको.

विवेक_मानस

एक हरकत नोंदवतो. "सेन्सरी थेरपी" या नावाखाली महिनोन्‌महिने तीच ती बॉल-पिट (चेंडूंचा हौद) आणि ब्रशिंगची (अंगावर ब्रश फिरवण्याची) सत्रं चालतात. "सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर" हे डीएसएम-५ मध्ये स्वतंत्र निदान नाही, आणि अमेरिकन बालरोग अकादमीनेही २०१२ साली ते निदान म्हणून वापरू नये असं म्हटलं. हेच मूळ कारण मानून संवादावरचं काम मागे पडलं तर ते बाळाला महागात पडतं.

शर्वरी_ओटी

हरकत रास्त आहे. म्हणून थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा: उद्दिष्ट काय, ते कशाने मोजणार, कधी तपासणार? "संवेदना सुधारतील" हे उद्दिष्ट नाही. "केस धुताना दोन मिनिटांत शांत होईल", "पाचपैकी तीन पोत चाखेल" हे उद्दिष्ट. आठ ते बारा आठवड्यांत काहीच हललं नाही तर योजना बदलायला सांगा. आणि पालकाला खोलीबाहेर बसवणारी थेरपी या वयात मला पटत नाही. आठवड्याच्या एका तासापेक्षा घरातले बाकीचे तास मोठे आहेत.

विवेक_मानस

सहमत. काही गोष्टी झटपट, कारण त्यांवर वेळ घालवण्यासारखं काही नाही.

लसीमुळे ऑटिझम होत नाही. हा संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लसीशी संबंध सापडला नाही. लस टाळली तर खरा धोका गोवराचा. किलेशन (औषधाने शरीरातले धातू काढणं), क्लोरीनचं द्रावण, ऑक्सिजन चेंबर, स्टेम सेल यांपासून लांब राहा. किलेशनने मूल दगावल्याची नोंद आहे. टीव्ही-मोबाइलचा पडदा दोन वर्षांआतल्या बाळाला नको, दूरच्या आप्तांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. मात्र "व्हर्च्युअल ऑटिझम" (पडद्यामुळे आलेला ऑटिझम) असं मान्यताप्राप्त निदान नाही. पडदा बंद करून सहा महिने वाट पाहू, हा सल्ला ऐकू नका. पडदा बंद करा आणि तपासणीही करा.

मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्यात शक्यता साधारण पाचांत एक. अशा बाळाची नोंद पहिल्या महिन्यांपासून ठेवा.

धनेश

तपासणीला जाताना सोबत काय न्यायचं?

नीलकंठ_बालरोग

जन्माची कागदपत्रं, डोक्याच्या घेराच्या नोंदी, श्रवण चाचणीचा अहवाल. एका आठवड्याची वही, चार रकाने: वेळ, आधी काय घडलं, बाळाने काय केलं, किती वेळाने आणि कशाने शांत झालं. "हट्टी आहे", "स्वतःत रमतं" असे शेरे नकोत. दिसलं तेवढंच लिहा.

चित्रफिती एक-दीड मिनिटाच्या, पाच-सहा. जेवताना, एकटं खेळताना, तुमच्याशी खेळताना, नाव घेतल्यावर, आणि ज्या हालचालीची शंका आहे ती. चेहरा आणि हात दोन्ही चौकटीत हवेत. मोबाइल आडवा धरा. मागून "बघ, बघ इकडे" म्हणत राहू नका, त्याने नेमका नैसर्गिक प्रतिसाद दिसेनासा होतो. बाळ छान खेळतंय, हसतंय अशीही एक फीत ठेवा. अनोळखी खोलीत बहुतेक बाळं मिटतात, आणि काय येत नाही यासोबत काय येतं हे दिसल्याशिवाय तपासणाऱ्याला अंदाज बांधता येत नाही. भेटीची वेळ झोपेच्या वेळेला येत असेल तर ती बदलून मागा.